पाच आठवड्यांच्या अंतरावरचा संसार

१८७८च्या सप्टेंबरात कोल्हापुरात टपालखात्यात नोकरी करणाऱ्या एका माणसाने इंग्रजीत एक पत्र लिहिलं. मला माझ्या बायकोला शिकवायचं आहे, इथे लोक ते होऊ देत नाहीत, अमेरिकेत आलो तर तिच्या शिक्षणाची आणि माझ्या पोटापाण्याची काही सोय होईल का, असा एकूण मजकूर. बायको तेव्हा तेरा वर्षांची होती. माणसाचं नाव गोपाळ विनायक जोशी. बायकोचं माहेरचं नाव यमुना, सासरचं आनंदी.

कोल्हापुरातल्या अमेरिकन मिशनऱ्यांमार्फत हे पत्र अमेरिकेत गेलं आणि तिथे ‘मिशनरी रिव्ह्यू’ नावाच्या मासिकात छापलं गेलं. मासिक चालवत होते रॉयल वायल्डर. हे गृहस्थ १८५२मध्ये कोल्हापुरात आले, दोन दशकांहून जास्त काळ राहिले आणि मग प्रिन्स्टनला परतले. त्यांच्या नावाचं वायल्डर मेमोरियल चर्च कोल्हापूरकरांच्या रोजच्या ओळखीचं आहे. वायल्डरनी पत्राखाली आपलं उत्तरही छापलं. त्याचा रोख एवढाच की, आधी ख्रिस्ती धर्म स्वीकारा, मग मदतीचं बघू. जोशी पतिपत्नींना ते मान्य नव्हतं. एरवी विषय इथेच मिटला असता.

पण १८८०मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर नावाच्या बाई दात दाखवायला गेल्या. दंतवैद्याकडे नंबर येईपर्यंत चाळायला म्हणून त्यांनी समोरचं मासिक उचललं. त्यात कोल्हापूरचं पत्र होतं. बाईंचा ना मिशनशी संबंध, ना हिंदुस्थानाशी. तरी घरी जाऊन त्यांनी त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. तोवर गोपाळरावांची बदली कच्छमध्ये भूजला झाली होती. पत्र तिथे पोचलं. उत्तर गेलं. त्याला उत्तर आलं. आनंदीबाई कार्पेंटरबाईंना मावशी म्हणायला लागल्या. तीन वर्षांनी, १८८३च्या जूनमध्ये, न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांना उतरवून घ्यायला ही पत्रातली मावशी उभी होती.

माझ्या मते एकोणिसाव्या शतकातल्या टपालाचं सगळं नवल या एका घटनेत साठलं आहे. पत्र एकाला लिहिलेलं, छापलं दुसऱ्याने, हलवून सोडलं तिसऱ्याच माणसाला. आणि हे घडलं ते कोल्हापुरात रेल्वेसुद्धा नव्हती तेव्हा. मिरज-कोल्हापूर गाडी सुरू झाली १८९१मध्ये. १८७८मध्ये कोल्हापूरची डाक रस्त्यानेच घाट चढून पुण्याकडे जायची. तिथून पुढे मात्र ती पोलादी रुळांच्या आणि वाफेच्या राज्यात शिरायची.

कोल्हापूरकरांना परदेश म्हणजे काय हे तोवर एकदा फार जवळून कळलं होतं. १८७०मध्ये तरुण छत्रपती राजाराम महाराज विलायतेला गेले. वय जेमतेम वीस. लंडन पाहिलं, व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, रोज काय पाहिलं याची इंग्रजीत रोजनिशी लिहिली. परतीच्या वाटेवर इटलीत आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये गेले. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीने त्यांना अग्नी दिला गेला. नदीच्या संगमावर अंत्यसंस्कार व्हावा हा आपला आग्रह त्या परक्या शहराने मानला, हे मला आजही थोर वाटतं. त्यांची रोजनिशी १८७२मध्ये छापून आली. त्या संगमापाशी पुढे छत्री आणि अर्धपुतळा उभा राहिला. छत्रीचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा, ज्यांनी कोल्हापूरचा टाउन हॉल, नवा राजवाडा आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलही आखलं. या हॉस्पिटलकडे आपल्याला शेवटी यायचंच आहे.

त्याच १८७०च्या जूनमध्ये समुद्राच्या तळाशी टाकलेली तार एडनमार्गे मुंबईला येऊन पोचली होती. त्यामुळे युरोपातली बातमी आता तासा-दिवसांत हिंदुस्थानात येऊ लागली. पत्राला मात्र तीन आठवडे लागतच होते. ज्यांचं माणूस परदेशी असे त्या घरांच्या वाट्याला यातून एक विचित्र दुःख आलं. तारेने माणूस गेल्याची बातमी आधी यायची आणि त्याची खुशालीची पत्रं पुढचे काही आठवडे येत राहायची. ‘माझी काळजी करू नये’ असं लिहिलेला कागद सुतक संपल्यावर हातात पडायचा.

गोपाळराव हे सगळं आतून जाणत होते, कारण टपाल हाच त्यांचा व्यवसाय. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्त्याकडचं बराकपूर, श्रीरामपूर, अशा त्यांच्या बदल्या होत गेल्या. श्रीरामपूर म्हणजे हुगळीकाठचं बंगालमधलं. तिथल्या कॉलेजच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण करून आपण अमेरिकेला का जातो आहोत हे लोकांना सांगितलं. ७ एप्रिलला त्यांची बोट कलकत्त्याहून निघाली. नवरा हिंदुस्थानात राहिला, अठरा वर्षांची बायको एकटी गेली. सोबतीला मिशनरी बायका होत्या, घरचं कोणी नाही. न्यूयॉर्कला पोचल्या ४ जूनला. अठ्ठावन्न दिवस.

आता टपालाच्या पिशवीचा प्रवास बघा. श्रीरामपूरला टाकलेलं पत्र दक्षिणेला समुद्र जवळ असूनही आधी पश्चिमेला यायचं. कलकत्ता-मुंबई रुळ १८७०पासून जोडलेले होते आणि विलायतेची डाक दर आठवड्याला मुंबईहूनच सुटायची. पी अँड ओ कंपनीची बोट मुंबईहून एडनकडे निघाली की बोटीवरच टपाल कचेरी चालू. होय, बोटीवर. मुंबई आणि एडनच्या दरम्यान सॉर्टर मंडळी पिशव्या फोडून पत्रं गावोगावच्या गठ्ठ्यांत लावत बसलेली असत. पायाखालची जमीन सतत हलते आहे, दिवा झोके घेतो आहे, बाहेर अरबी समुद्र खवळलेला आहे आणि आत कोणी पुणे, कोणी मद्रास, कोणी लाहोर असे ढीग लावतो आहे! विलायतेहून येणारी डाक अशी समुद्रातच लावून झाली की मुंबईला उतरताक्षणी ती थेट गाड्यांत चढवता येई. ही समुद्री कचेरी १८६८मध्ये सुरू झाली आणि पहिल्या महायुद्धापर्यंत चालली. मुंबई बंदराच्या इतिहासात या सॉर्टरांना निदान एक पान मिळायला हवं.

एडनहून सुएझ. तिथे कालवा तयार होता, तरी घाईची डाक बोटीतून उतरवून इजिप्तमधून रेल्वेने अलेक्झांड्रियाला नेत, कारण कालव्यातून बोट हळू चाले. पुढे भूमध्य समुद्र ओलांडून इटलीच्या टाचेवरचं ब्रिंडिसी, तिथून गाडीने आख्खा युरोप कापून लंडन. लंडनहून पुन्हा बोट, अटलांटिकचे आठ-दहा दिवस, न्यूयॉर्क, आणि मग फिलाडेल्फियाची गाडी. सगळं सुरळीत झालं तर साधारण पाच आठवडे.

या पाच आठवड्यांत ते पत्र चार-पाच देशांच्या हातांतून जायचं. पूर्वी प्रत्येक देश आपल्या हद्दीतून जाण्याचा वेगळा दर घेई आणि त्या हिशेबांनी पोस्टाचे कारकून थकून जात. १८७४मध्ये स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात २२ देशांनी करार केला आणि जगाच्या टपालाचं एकच क्षेत्र मानायचं ठरवलं. हिंदुस्थान त्यात १ जुलै १८७६ रोजी आला. करारातलं एक कलम वाचून मी थक्क झालो होतो. तिकिटाचे पैसे ज्या देशाने घेतले त्यानेच ठेवायचे, पत्र पोचवणाऱ्या देशाने त्यातला वाटा मागायचा नाही. का? तर प्रत्येक पत्राला उत्तर येतंच. आज तुम्ही आमचं पत्र फुकट पोचवलंत, उद्या त्याचं उत्तर आम्ही फुकट पोचवू, हिशेब आपोआप मिटतो. म्हणजे सबंध जगाची टपालव्यवस्था एका गृहीतकावर उभी राहिली, ते म्हणजे माणसं एकमेकांना उत्तर देतात. मधल्या वाहतुकीचे काही पैसे वेगळे द्यावे लागत, पण मूळ विचार हाच. अर्थशास्त्रात इतकी माणुसकी क्वचित सापडते.

वजनाची मर्यादा मात्र कडक. एका दरात पंधरा ग्रॅम. पातळ कागदाचे दोन-तीन ताव आणि लिफाफा एवढ्यात बसवायचं. म्हणून परदेशी पत्रांत अक्षर बारीक, ओळी दाट, समासही भरलेले. घरगुती पत्राचा आपला जुना थाट आठवा. वर ‘श्री’, मग वयामानाप्रमाणे शिरसाष्टांग नमस्कार किंवा अनेक उत्तम आशीर्वाद, विनंती विशेष, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन नमस्कार-आशीर्वादांची वाटणी, शेवटी कळावे लोभ असावा. आनंदाचं पत्र असेल तर कोपऱ्याला कुंकवाचं बोट. पंधरा ग्रॅममध्ये हा सगळा गोतावळा बसवायचा म्हणजे एकेका शब्दाला तोलून पाहावं लागे. माझा अंदाज असा की वजनकाट्याने मराठी पत्राला थोडं मोकळं केलं. नमस्कार आटोपते घ्यायचे आणि जे खरं सांगायचं आहे त्याकडे वळायचं.

आणखी एक बारीक गोष्ट. त्या काळी बायको नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नसे. घ्यायचं तर उखाण्यात, तेही चारचौघींच्या आग्रहाने. पण लिफाफ्यावर नाव न घालता पत्र कुठे जाईल? परदेशी गेलेल्या बायकोला नवऱ्याचं नाव स्वच्छ अक्षरांत, दर खेपेला, स्वतःच्या हाताने लिहावंच लागणार. घरात जो शब्द कधी उच्चारला नाही तो पाच देशांच्या पोस्टमननी वाचावा म्हणून ठळक लिहायचा. इतकं साधं काम, पण ते करताना अठरा वर्षांच्या मुलीच्या मनात काहीच हललं नसेल असं मला वाटत नाही.

१८८३च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात त्यांचं शिक्षण सुरू झालं. आता गणित मांडून बघू. समजा महिन्याच्या आरंभी त्यांनी नवऱ्याला लिहिलं की कॉलेज सुरू झालं, थंडी जाणवते आहे. हे पत्र श्रीरामपूरला नोव्हेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. गोपाळरावांनी त्याच दिवशी उत्तर टाकलं तरी ते डिसेंबरच्या मध्यावर त्यांच्या हाती. तोवर थंडी कुठल्या कुठे गेलेली, म्हणजे खऱ्या बर्फात शिरलेली, आणि कॉलेज जुनं झालेलं. दोघांनी दर आठवड्याच्या डाकेला लिहिलं असं धरलं, तर कुठल्याही क्षणी दोघांची मिळून दहा पत्रं वाटेत असणार. दोन ब्रिंडिसीच्या अलीकडे, एखादं अटलांटिकवर, एखादं खांडव्याच्या पुढे. संवादाचा एवढा मोठा भाग सतत प्रवासात, दोघांपैकी कोणाच्याच हाती नाही.

असा संवाद चालवायला फार धीर लागतो. काळजीने विचारलेला प्रश्न पोचेपर्यंत आजार बरा झालेला असतो. रागाने लिहिलेलं वाक्य पोचतं तेव्हा लिहिणाऱ्याचा राग शांत झालेला असतो, पण वाचणाऱ्याचा तेव्हाच सुरू होतो. आणि वाचणाऱ्याने दिलेलं तिखट उत्तर आणखी पाच आठवड्यांनी त्या शांत झालेल्या माणसावर येऊन आदळतं. एक साधं भांडण अडीच महिने टिकतं, मध्ये निवळायला जागा नसते.

गोपाळरावांना राग येई आणि तो ते लिहून पाठवत. विक्षिप्त, हट्टी, तीव्र बुद्धीचे, बायकोला शिकवण्याच्या एका ध्येयासाठी आयुष्य पणाला लावणारे आणि त्याच बायकोला मारणारेही, असे ते होते. या दोन गोष्टी एकाच माणसात होत्या हे मान्य केल्याशिवाय ही पत्रं वाचता येत नाहीत. आपल्याकडे त्यांना एक तर थोर पती ठरवतात, नाही तर खलपुरुष. दोन्ही सोपं आहे.

आनंदीबाईंच्या पत्रांत अमेरिकेतलं रोजचं जगणं येतं. पेहरावाची चर्चा येते. नऊवारी नेसून तिथल्या थंडीत पोटऱ्या उघड्या राहतात, तेव्हा गुजराती पद्धतीने साडी नेसावी का हा प्रश्न त्यांना नवऱ्याबरोबर सोडवायचा होता, आणि शेवटी त्यांनी तसा बदल केला. तिथे राहूनही त्या साडीच नेसत राहिल्या, शाकाहारीच राहिल्या. धर्म बदलण्याचा आग्रह बोटीवरच सुरू झाला होता, त्यालाही त्या बधल्या नाहीत. आणि एवढं सगळं सांभाळूनही नवऱ्याच्या पत्रांत संशय आणि टोचणी येई, की तू बदललीस, तू आता आमची राहिली नाहीस.

या टोचणीला त्यांनी एकदा जे उत्तर दिलं ते मराठी पत्रवाङ्मयातलं सर्वांत धीट पान आहे असं मी ठामपणे म्हणेन. मजकूर माझ्या शब्दांत सांगतो. तुमचं माझ्याशी वागणं चांगलं होतं की वाईट, हे ठरवणं कठीण आहे, त्या म्हणतात. मला विचाराल तर दोन्ही. शेवटी जे साधायचं होतं त्या दृष्टीने योग्य, आणि लहान मुलाच्या मनावर जो परिणाम होतो त्या दृष्टीने अयोग्य. मग त्या एकेक आठवण मांडतात. दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत. बाराव्या वर्षी पुस्तकं फेकून मारलीत, सोडून जाईन म्हणून धमकावलंत. चौदाव्या वर्षी आणखी काय काय. त्या वयात मीच खरंच तुम्हाला सोडून गेले असते तर काय झालं असतं? आणि हिंदू बायकोला नवऱ्यापुढे एक शब्द बोलायचा अधिकार नसतो, त्याने करायचं ते करू द्यावं आणि गप्प राहावं, म्हणून मी गप्प राहिले.

या पत्रातली शिस्त पाहा. वयाप्रमाणे, क्रमाने, जणू रोग्याचा पूर्वेतिहास लिहावा तशी नोंद. शरीरशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीने स्वतःच्याच बालपणाची तपासणी केली आणि निदान दोन्ही बाजूंनी लिहिलं. शाप नाही, रडगाणं नाही. त्याच पत्रांतून नवऱ्याबद्दलची ओढ आणि कृतज्ञताही तितकीच खरी उमटते.

हे त्यांना समोर बसून बोलता आलं असतं का? अलिबागच्या, कोल्हापूरच्या किंवा श्रीरामपूरच्या घरात, चार हातांवर नवरा बसलेला असताना? मला वाटत नाही. बोलायला तोंड उघडलं की समोरून लगेच शब्द येतो, डोळे येतात, कदाचित हात येतो. पत्राला पाच आठवडे लागत होते. म्हणजे बोलून झाल्यावर किमान अडीच महिने उलटून कोणी काही म्हणू शकणार नव्हतं. ज्या विलंबामुळे काळजी आणि गैरसमज वाढत, त्याच विलंबाने या मुलीला वाक्य पूर्ण करायला अवधी दिला. टपालखात्यातल्या नवऱ्याने बायकोला दिलेली ही सर्वांत मोठी गोष्ट असावी, आणि ती त्याने जाणूनबुजून दिलेली नव्हती.

म्हणून पुढचा भाग वाचताना मला एक चमत्कारिक हुरहूर लागते. १८८५मध्ये गोपाळराव स्वतः अमेरिकेत पोचले. नवरा-बायकोची भेट झाली आणि आपल्यासाठी त्यांचा संवाद बंद पडला. समोरासमोर असलेली माणसं पत्रं लिहीत नाहीत. वियोगाची दोन वर्षं आपल्याला ओळीओळीने कळतात आणि एकत्र राहण्याचे महिने कळतात ते इतरांच्या तोंडून. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना डॉक्टर ही पदवी मिळाली, तेव्हा सभागृहात गोपाळराव होते आणि इंग्लंडहून मुद्दाम आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. रमाबाईंचं ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पुस्तक म्हणजेही मुळात इकडे एका स्नेह्याला लिहिलेलं लांबलचक पत्र. तो काळच असा की परदेशी गेलेल्या बाईचं पत्र हे घरापुरतं राहत नसे.

आनंदीबाईंच्या पत्रांचंही तसंच झालं. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८८मध्ये, कॅरोलाइन डॉल या अमेरिकन लेखिकेने कार्पेंटरबाईंकडची पत्रं वापरून इंग्रजीत चरित्र लिहिलं. मराठीत काशीबाई कानिटकरांनी चरित्र लिहिलं आणि त्यात नवरा-बायकोचा पत्रव्यवहार वापरला. आज आपण जे वाचतो ते बहुतेक या दोघींमुळे. काशीबाईंची निवड मला विशेष मोलाची वाटते. लाकडाच्या तुकड्यांचं ते पत्र गाळून एक गोजिरवाणं, सोज्वळ चरित्र लिहिणं त्यांना सहज शक्य होतं, आणि त्या काळाला ते आवडलंही असतं. त्यांनी ते गाळलं नाही. अलीकडे मीरा कोसंबींनी ही पत्रं इंग्रजीत आणली आणि अंजली कीर्तने यांनी आनंदीबाईंचा काळ कागदपत्रांतून पुन्हा उभा केला.

पत्र छापलं की ते खरं मानलं जातं, याचा कडू अनुभवही त्याच दशकात कोल्हापूरनेच महाराष्ट्राला दिला होता. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने जी पत्रं पुरावा मानली, ती न्यायालयात बनावट ठरली आणि १८८२मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. बायकोने नवऱ्याला लिहिलेल्या पत्राची गोष्ट निराळी. त्यातलं दुखणं बनवता येत नाही.

१८८६मध्ये कोल्हापूर पुन्हा या कथेत आलं, तेही पत्रानेच. संस्थानच्या दिवाणांनी फिलाडेल्फियाला लिहून आनंदीबाईंना आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी देऊ केली. आज त्या वास्तूला आपण सीपीआर म्हणतो, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. आनंदीबाईंनी नेमणूक स्वीकारली. ज्या गावातून आठ वर्षांपूर्वी नवऱ्याचं विनंतीचं पत्र निघालं होतं, त्याच गावाने आता बायकोला बोलावणं धाडलं होतं. नऊ ऑक्टोबरला त्या न्यूयॉर्कहून निघाल्या आणि १६ नोव्हेंबरला मुंबईत उतरल्या. पण क्षयाने शरीर पोखरलेलं होतं. कोल्हापूरला त्या जाऊ शकल्याच नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. एकवीस वर्षांच्या होत्या, बाविसावं पुरं व्हायला महिनाभर होता. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेला पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सीला मावशीच्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली.

कोल्हापूरच्या त्या हॉस्पिटलला मराठी डॉक्टरीण मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी. कृष्णाबाई केळवकर त्यांचं नाव. फर्ग्युसन कॉलेजातली पहिली विद्यार्थिनी, मग मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज, मग आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. शाहू महाराजांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी डब्लिनला पाठवलं. आई रखमाबाई केळवकर कोल्हापुरात मुलींच्या शिक्षणाचं काम करत होत्या. म्हणजे पुन्हा एक घर कोल्हापुरात आणि घरातलं एक माणूस समुद्रापार. पण आता डाक घाटरस्त्याची वाट पाहत नव्हती, स्टेशनातून गाडीने मिरजेला निघत होती. आणि १८९८च्या नाताळापासून साम्राज्यात नवा दर लागू झाला होता : अर्ध्या औंसाचं पत्र, कोल्हापूरहून थेट डब्लिनपर्यंत, एक आणा.